गाडी खालच्या वाडीला लावा

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. परवा फोनवर नातीला सांगत होतो, तर ती म्हणाली, "म्हणजे आजोबा, बस झोपायला जायची?" मी म्हटलं, हो, तसंच.

संध्याकाळी तालुक्याच्या स्टँडवरून शेवटची लाल गाडी सुटते, ती डोंगरातल्या शेवटच्या गावाला जाते आणि तिथंच थांबते. पहाटे कॉलेजची मुलं, दवाखान्याला निघालेली माणसं, भाजीच्या पाट्या, एखादी कोंबडी असं सगळं भरून ती खाली येते. ड्रायव्हर आणि कंडक्टर देवळात किंवा गाडीतल्याच बाकांवर आडवे होतात. त्यांच्या जेवणाचं आगार काही बघत नाही, गाव बघतं. आमच्या भीमाशंकरच्या बाजूच्या गावांत घरोघर पाळी लावलेली असते. आज या घरी, उद्या त्या घरी. पाहुणा म्हणून नव्हे, घरातलं माणूस रानातून आलं की जसं ताट वाढतात तसं वाढतात. नाचणीची भाकरी, पावसाळ्यात खेकड्यांचा रस्सा, कुर्डूची भाजी. ज्या ड्रायव्हरला घरी बायकामुलं असतात तो मुक्कामी ड्यूटी टाळायला बघतो. ज्याला कुणी नसतं तो मागून घेतो.

मी एसटी खात्यात वाहतूक नियंत्रक म्हणून लागलो आणि आगारप्रमुख म्हणून निवृत्त झालो. माझं गाव बोरी बुद्रुकच्या शेजारचं. वडील गुऱ्हाळावर चुलाणाला जाळ घालायचे. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि पोचलो तो जुन्नरच्या कॉलेजला नेणाऱ्या लाल गाडीच्या पासामुळे. त्यामुळे ही नोकरी लागली तेव्हा मला वाटलं, आपण ज्याचं खाल्लं त्याच्याच घरी कामाला लागलो. ते उपकार मी अजून मानतो. या लेखात माझी तक्रार कुणाविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नोकरीत लहानसहान माफ्या मी खूप मागितल्या. त्या सोप्या असतात. नियंत्रक असताना एकदा मी माइकवरून फलाट चुकीचा सांगितला आणि नारायणगावला निघालेलं लग्नाचं अर्धं वऱ्हाड भीमाशंकरच्या गाडीत जाऊन बसलं. शिनोलीच्या पुढं गेल्यावर नवऱ्यामुलाच्या मामाला शंका आली. मी माइकवरूनच माफी मागितली आणि दुसरी गाडी सोडली. स्टँडसमोर कापडाचं दुकान असलेले शांतिलालशेठ दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "साहेब, तुम्ही माइकवरून माफी मागता, मग उद्या तुमची गाडी सुटली असं सांगाल तेव्हा लोक विश्वास ठेवतील का? आमच्या धंद्यात कापड आखूड निघालं तरी आम्ही म्हणतो, धुतल्यावर सैल होईल." शेठजींचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण शेठजी माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचे आणि माझ्यापेक्षा जास्त हसायचे. मीही हसलो.

आगारप्रमुख झालो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला अर्धा तास समोर बसवून खुर्चीची पद्धत शिकवली. कागदावर 'चूक' लिहायचं नाही, 'त्रुटी' लिहायचं. त्रुटी कुणी करत नाही, ती राहते. माफी मागायची नाही, दिलगिरी व्यक्त करायची. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनाही कुणीतरी असंच बसवून शिकवलं असणार. मी चांगला विद्यार्थी होतो, लवकर शिकलो. त्यावर माझीही एक भर घातली. माझ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना मी बजावून ठेवलं होतं की प्रवाशांशी वाद झाला तर माझं नाव पुढं करायचं नाही. "साहेबांनी सांगितलंय" म्हटलं की लोक तिथूनच साहेबांना फोन लावतात, आणि एका गाडीपायी दहा गाड्यांचं काम अडतं. जो हुकूम मिळेल तो आपला म्हणून सांगायचा. हा नियम मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटत होता.

डिंभ्याच्या पाण्याला वळसा घालून जो रस्ता आहुप्याकडे जातो, त्या बाजूच्या एका गावाची मुक्कामी गाडी किसनभाऊ चालवायचे. गावाचं नाव लिहीत नाही, लोकांना आवडणार नाही. गाव चढावर आहे आणि त्याची एक वाडी खाली रस्त्यालगत आहे. खालच्या वाडीपासून वर गावात चालत जायचं तर तासाभराची चढण, मध्ये ओढा.

किसनभाऊ कमी बोलणारा, उंच, किंचित पोक काढून चालणारा माणूस. कंडक्टर बदलत राहायचे, किसनभाऊ तेच. वर्षानुवर्षं त्यांनी ती गाडी सोडली नाही. दुसरे ड्रायव्हर चेष्टा करायचे, "किसनभाऊ, वर एखादी बायको ठिवलीय काय?" ते म्हणायचे, "एक न्हाई राव, घरटी एक. सगळ्या मला वाढत्यात."

त्या वर्षी श्रावणात पाऊस धरून बसला होता. डोंगरातून दगड रस्त्यावर येत होते. एका दुपारी मी पुण्याला बैठकीसाठी जीपने निघालो होतो आणि वाटेत सारखे फोन चालू होते. त्यातच मी किसनभाऊंना फोन लावला. त्यांची गाडी घोडेगावच्या स्टँडवर उभी होती. मी म्हटलं, "पाऊस लई आहे. आज गाडी खालच्या वाडीला लावा. वर नेऊ नका. माणसं तिथंच उतरवा." ते "बरं सायेब" म्हणाले. एवढंच बोलणं. मग पुढचा फोन, त्याच्या पुढचा फोन, मग बैठक.

त्या गाडीत भागाबाई होती. वय झालेली बाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून परत निघालेली, एका डोळ्यावर पट्टी. बरोबर तिचा मुलगा मारुती. खालच्या वाडीला किसनभाऊंनी गाडी लावली आणि सांगितलं, आज गाडी इथपर्यंतच. लोक चिडले. मारुतीने विचारलं, "कुणी सांगितलं?" किसनभाऊ म्हणाले, "मीच सांगतोय." माझा नियम त्यांनी पाळला. माणसं पावसात चढायला लागली. ओढ्यापाशी भागाबाईचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. रात्री अंधारात खाली उतरता येईना; पहाटे तिला घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी खाली आणलं आणि त्याच गाडीत मागच्या बाकावर निजवलं. किसनभाऊंनी गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेली.

पाऊस ओसरल्यावर गावाने मला बोलावलं. मी जीपने वर गेलो. देवळाच्या मंडपात सगळं गाव बसलं होतं. मुक्कामी गाडी आलेली होती, त्यामुळे किसनभाऊही होते, खांबाला टेकून उभे. मारुती उठला.

"सायेब, गाडी वर का न्हाई आणली ते यांना इचारा. रस्ता काय वाहून गेला नव्हता. आमच्या ताटात जेवतो हा माणूस, आन् आमच्या म्हातारीला पावसात उतरवतो."

मी किसनभाऊंकडे वळलो. "कोणाला विचारून गाडी खाली लावलीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं सायेब."

मला त्या वेळी तो फोन आठवला नव्हता. माझ्यासमोर चिडलेलं गाव होतं, आणि चिडलेल्या लोकांसमोर साहेबाने काय करायचं असतं ते मला पाठ होतं. मी आवाज चढवला. रस्ता चालू असताना गाडी अलीकडे लावायचा अधिकार ड्रायव्हरला नाही, असा माणूस या गाडीवर ठेवणार नाही, उद्यापासून यांना काढतो, असं सगळं बोललो. माना हलल्या. कुणीतरी चहा आणला. तो चहा मी आनंदाने प्यालो.

परत येताना खालच्या वाडीजवळ जीपचा ड्रायव्हर बाळू सहज बोलल्यासारखा म्हणाला, "सायेब, हितंच लावायला सांगितली व्हती ना तुमी? पुन्याला चाललो व्हतो तवा. मला वाटलं तुमी गावाला सांगाल."

मग सगळं आठवलं. तो फोन, पावसाने भरलेली काच, "बरं सायेब". मी बाळूला "हो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता काय? विषय मिटलाय, तो उकरू नका. तुम्ही कबूल केलंत तर त्या बाईच्या पायाची जबाबदारी खात्यावर येते. ड्रायव्हरला चांगली ड्यूटी देऊन टाका." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. मी किसनभाऊंना दिवसाच्या फेऱ्या दिल्या, संध्याकाळी घरी जाता येईल अशा. आगारात सगळे म्हणाले, किसनभाऊची लॉटरी लागली. मला वाटलं, झाली भरपाई.

मी तेव्हा स्टँडमागच्या खोलीत एकटा राहायचो. मुलांच्या शाळेसाठी बायको जुन्नरला. संध्याकाळी खानावळीत जाताना मला किसनभाऊ दिसायला लागले. ड्यूटी संपलेली, पण माणूस स्टँडच्या कोपऱ्यातल्या बाकावर. मांडीवर कागद, कागदावर भजी नाहीतर वडापाव. दिवे लागून गेले तरी बसलेले. मी लांबून वळून जायचो. एक दिवस नाही वळलो. जाऊन शेजारी बसलो.

"घरी नाही जात, किसनभाऊ?"

"घर हाय, सायेब. मानूस न्हाई. बायको जाऊन लई वर्सं झाली. पोरबाळ नाय." कागदाची घडी करत म्हणाले, "आज सोमवार. आज मारुतीकडं पाळी असायची. भागाबाई ताकातली भाजी करायची. आता तिला बसून करता येत आसंल का न्हाई, कोन जाने."

तेव्हा मला समजलं की मी त्यांची नुसती गाडी काढून घेतली नव्हती. ज्या गावात आठवड्याचे सातही दिवस त्यांना कुणीतरी वाढत होतं, त्या गावात त्यांना तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती.

मी म्हटलं, "किसनभाऊ, तो फोन मी केला होता. माझं चुकलं. मला माफ करा."

ते ओशाळले. चूक जणू त्यांचीच उघडी पडली होती. "जाऊ द्या सायेब."

"नाही, मनापासून सांगतो."

"मनापासूनच सांगताय. पन माझ्याजवळ बोलून काय उपेग? मला तर म्हाईतच व्हतं."

मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? साहेबांनीच सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं."

"गावापुढं सायबाला खोटं पाडायचं? रागानं तुमी गाडीच बंद केली असती तर? वरची मानसं कशानं खाली येनार?"

मी म्हटलं, मी तसं केलं नसतं. त्यांनी घडी केलेला कागद खिशात घातला.

मी त्यांना म्हटलं, उद्या आपण दोघं वर जाऊ. ते ठाम नाही म्हणाले. "मी आलो तर लोक म्हंतील, यानंच पढवून आनला सायबाला. जायाचं तर तुमी एकटं जा."

म्हणून मी एकटा गेलो. जीप घेतली नाही. मुक्कामी गाडीतच खिडकीशी बसून गेलो. साहेब गाडीत आहे म्हटल्यावर सगळी गाडी चिडीचूप. एरवी त्या गाडीत कोण कुणाच्या मांडीवर पिशवी ठेवतं, कोण कुणाला चिमटे काढतं, ते मी आगारात ऐकलेलं होतं. माझ्या शेजारचा बाक रिकामा होता आणि माणसं उभी होती. सबंध वाटेत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, आणि दर वेळी तोंडात 'अनवधानाने त्रुटी' असंच येत होतं.

देवळात निरोप दिला, माणसं जमली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी गाडी खाली लावायला मीच सांगितलं होतं. फोन करून. किसनभाऊंचा काही दोष नव्हता. तुमच्यासमोर मी त्यांना बोललो ते खोटं होतं. भागाबाईंच्या पायाला मी जबाबदार आहे. मी माफी मागतो."

मी आरडाओरड्याची तयारी ठेवून गेलो होतो. कुणी ओरडलं नाही. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "मंग तवा का न्हाई बोल्लात?"

"तेव्हा आठवलं नव्हतं."

"आन् आठवल्यावं?"

मी म्हटलं, "भीती वाटली."

म्हातारा म्हणाला, "सायबाला बी वाटती व्हय." कुणी हसलं नाही. मारुती उठून बाहेर गेला.

मी भागाबाईच्या घरी गेलो. ती खाटेवर बसली होती. मारुतीने तिला आधीच सांगितलं असावं, कारण मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "पायाचं काय, पाय तर घरच्या उंबऱ्यावं बी मोडतो. पन मी त्या किसनला शिव्या घातल्या. त्या गाडीतच, मागं निजल्या निजल्या. तुझं वाटोळं व्हईल म्हनलं. त्यो गाडी चालवत ऐकत व्हता. ते माझ्या तोंडनं तुमी वदवलं, सायेब. ते आता मी कसं माघारी घेऊ?"

मी गावाची माफी मागायला निघालो तेव्हा माझ्या हिशेबात एक माणूस आणि एक पाय होता. त्या बाईने मला दाखवलं की मी अख्ख्या गावाला त्या माणसाचा गुन्हेगार केलं होतं, आणि गावाला ते ठाऊकही नव्हतं. यावर काय बोलायचं ते मला कुठल्याच खुर्चीने शिकवलेलं नव्हतं. मी हात जोडले आणि बाहेर आलो.

नवा ड्रायव्हर आणि कंडक्टर पाळीच्या घरी जेवायला गेले. मला कुणी बोलावलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मी गाडीत येऊन बसलो. गावातून भाकऱ्या थापल्याचे आवाज येत होते. एकेका घराचं दार लागत गेलं.

पहाटे गाडी निघाली तेव्हा मारुती चढला. माझ्याकडे न बघता पुढच्या बाकावर बसला. आगारात उतरल्यावर सरळ किसनभाऊंना शोधत गेला. ते गाडीची काच पुसत होते. दोघं समोरासमोर उभे राहिले. मग मारुती म्हणाला, "संध्याकाळी आमच्याकडं पाळी हाय."

"आज बुधवार," किसनभाऊ म्हणाले. "तुमची सोमवारी."

"आज आमचीच हाय. आयनं सांगितलंय."

किसनभाऊंनी फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. मग लांब उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, ड्यूटी?" मी मान हलवली. संध्याकाळी ती गाडी घेऊन तेच गेले, आणि निवृत्त होईपर्यंत तेच जात राहिले.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला, मी त्यात 'चूक' लिहिलं, आणि माझी बदली लांबच्या आगारात झाली. शिक्षा म्हणून फार नव्हती. पण बैठकांमध्ये बरोबरीचे अधिकारी मी आल्यावर बोलणं बदलायला लागले. एकजण चांगल्या मनाने म्हणाला, "तुमचं बरोबर होतं, पण आमची पंचाईत केलीत. आता प्रत्येक गाव म्हणेल, साहेबाला वर पाठवा." ड्रायव्हर मला मान द्यायचे, पण जपून, दोन हात लांबून. खरं बोलणारा साहेब त्यांनाही अवघड जात असावा. पुढची सगळी वर्षं मी डबा केबिनमध्ये एकट्यानेच खाल्ला. तरी सांगतो, वर गेलो नसतो तर तोही घास गिळला नसता.

बायको गेल्यापासून मी नारायणगावात एकटा असतो. किसनभाऊ निवृत्तीनंतर वरच राहिले. गावाने शाळेजवळची एक खोली दिली आहे. गेल्या महिन्यात मी त्यांना फोन केला. प्रकृतीचं, भाताचं, भागाबाईचं बोलणं झालं. ती काठी घेऊन अंगणात फिरते म्हणाले. मग मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. "किसनभाऊ, माझ्याविषयी मनात काही आहे का अजून?"

"न्हाई सायेब. तुमी एकटं वर आला. कोन येतं?"

"मग बरं."

मग तेच म्हणाले, "फकस्त एक वाटतं कवाकवा. तुमी इचारलं ना, कोनाला इचारून गाडी लावली. तवा मी तुमच्याकडं बघितलं. मला वाटलं, सायबाला समदं आठवतंय."

"नव्हतं हो आठवत. खरंच नव्हतं."

"बरं सायेब," ते म्हणाले.

तोच आवाज, तसाच. त्यात रागही नव्हता आणि विश्वासही नव्हता. मला आणखी काही सांगायचं होतं, पण काय सांगितलं असतं तर ते खरं वाटलं असतं, हे मला सुचेना. आणि त्यांना खरं वाटावं म्हणून धडपडताना माझ्या लक्षात आलं की ते माझं मलाही आता शपथेवर सांगता येणार नाही. त्या मंडपात, ते माझ्याकडे बघत असताना, काहीतरी आठवू पाहत होतं आणि मी आवाज चढवला, असंही झालं असेल.

मग किसनभाऊंनी आगारात विचारायचे तसंच विचारलं, "ठिवू का सायेब?"

मी म्हटलं, "ठेवा."

त्यांनी ठेवला नाही. मी आधी ठेवीपर्यंत ते थांबून राहिले.